समीक्षकाचे स्टार कमी, टॉकीजला गर्दी जास्त : मग खरं कुणाचं? ‘वेड’च्या उदाहरणावरून समजून घ्या

जालना : शुक्रवारी सिनेमा लागतो. शनिवारी सकाळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन फोटो येतात. एक टॉकीजबाहेर पोस्टरजवळ उभं राहून काढलेला, खाली लिहिलेलं असतं ‘नाद खुळा, पैसे वसूल’. दुसरा पेपरातल्या परीक्षणाचा, त्यात स्टार दोन किंवा अडीच. झालं! दुपारपर्यंत ग्रुपवर शंभर मेसेज. एक म्हणतो, “या समीक्षकायला सिनेमातलं काय कळतं? एसीत बसून लिहितात.” दुसरा म्हणतो, “तुम्ही हिरोचे भक्त आहात, तुम्हाला काहीही दाखवलं तरी आवडणारच.” संध्याकाळी पारावर तेच, रात्री पानटपरीवर तेच.

हे भांडण मराठवाड्यात सगळ्यात जास्त कुणाच्या सिनेमावरून होत असेल, तर रितेश देशमुख यांच्या. लातूर जिल्ह्यातलं बाभळगाव हे त्यांचं गाव, त्यामुळं आपल्याकडची पोरं त्यांना ‘रितेशभाऊ’ म्हणतात. त्यांच्या सिनेमाला कुणी नावं ठेवली की आपल्या घरातल्या माणसाला नावं ठेवल्यासारखं वाटतं. म्हणून हा विषय त्यांच्याच सिनेमांवरून समजून घेऊ. समीक्षक नेमकं काय मोजतो, चाहता काय मोजतो, आणि तो कोटींचा आकडा कुठून येतो? एवढं कळलं तर भांडण थांबणार नाही कदाचित, पण मुद्द्याचं तरी होईल.

‘वेड’च्या वेळी काय झालं?

‘वेड’ प्रदर्शित झाला ३० डिसेंबर २०२२ रोजी. रितेश देशमुख यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच सिनेमा. जिनिलिया देशमुख यांची मराठीतली ही पहिलीच भूमिका. संगीत अजय-अतुल यांचं, आणि एका गाण्यात सलमान खान. गोष्ट मात्र नवी नव्हती. २०१९ साली आलेल्या ‘मजिली’ या तेलुगू सिनेमाचा हा मराठी अवतार होता.

समीक्षकांचं मत एकसारखं नव्हतं. गाणी, छायाचित्रण, जिनिलियाचं काम याचं कौतुक झालं. पण तक्रारीही झाल्या. गोष्ट दुसऱ्या भाषेतून उचललेली आहे. नवरा जुन्या प्रेमात बुडालेला, दारूत गेलेला, आणि बायको मात्र सगळं मुकाट्यानं सोसत त्याची वाट बघते, हे आजच्या काळात कसं पटायचं, असाही प्रश्न विचारला गेला.

चाहत्यांचं गणित वेगळंच होतं. सत्या आणि श्रावणीच्या जागी त्यांना खऱ्या आयुष्यातलं नवरा-बायकोचं जोडपं दिसत होतं. गाणी तोंडात बसली होती. आणि बऱ्याच दिवसांनी घरातल्या बायामाणसांना घेऊन जाता येईल असा मोठ्या पडद्यावरचा मराठी प्रेमपट आला होता.

पुढं जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिल्या तीन दिवसांत सिनेमानं सुमारे १० कोटींचा धंदा केला. साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात कमाई निम्म्यावर येते. ‘वेड’चं उलटं झालं. दुसऱ्या शुक्रवार-शनिवार-रविवारची कमाई पहिल्या तीन दिवसांपेक्षा जास्त निघाली. २० जानेवारी २०२३ ला तर एक गाणं वाढवून सिनेमा पुन्हा नव्यानं लावला गेला, आणि तोही लोकांनी पाहिला. एकूण गल्ला ७५ कोटींच्या आसपास गेल्याचं सांगितलं गेलं.

आता प्रश्न असा की समीक्षक चुकले का?

नाही. आणि लोकही चुकले नाहीत. दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

समीक्षक काय मोजतो?

एक सोपं उदाहरण घ्या. बैलबाजारात जोडी बघायला दोन जण गेले. एक जाणकार आहे. तो दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, वशिंड बघतो. दुसरा घरधनी आहे. त्याला जोडी बघताक्षणी आवडली, आपल्या शेतात कशी दिसेल हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं. जाणकार म्हणतो, “डाव्या बैलाच्या खुरात खोट आहे.” घरधनी म्हणतो, “असू दे, मला पाहिजे.” जाणकार खोटं बोलला का? नाही. घरधनी येडा आहे का? तेही नाही.

समीक्षक हा तो जाणकार. वर्षाला शे-दीडशे सिनेमे बघणं हे त्याचं काम असतं. त्यामुळं तुम्हाला पहिल्यांदा दिसणारी गोष्ट त्यानं दहादा पाहिलेली असते. तो साधारण हे बघतो :

– गोष्ट : नवीन काही सांगते का? मधेच ढिली पडते का? शेवट पटतो का?
– पटकथा : प्रसंग एकातून एक निघतात का, की ओढूनताणून जोडलेत?
– दिग्दर्शन : जे सांगायचं ते दाखवून सांगितलं, की नुसतं बोलून?
– अभिनय : हिरो ‘हिरो’ दिसतो, की ते पात्र दिसतो?
– छायाचित्रण, संकलन, आवाज, संगीत : हे गोष्टीला मदत करतात का?
– विचार : सिनेमा बाईकडं, गरिबाकडं, गावाकडं कशा नजरेनं बघतो?

शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. ‘वेड’मध्ये श्रावणीनं सोसणं हे प्रेम आहे की अन्याय, यावर मतं दोन असू शकतात. समीक्षकानं तो प्रश्न विचारला म्हणून तो सिनेमाचा वैरी होत नाही. उलट, घरी आल्यावर तुमच्या बहिणीनं किंवा बायकोनं हाच प्रश्न विचारला असेल, तर तिनंही समीक्षाच केली.

स्टारचं काय? पाचपैकी किती स्टार द्यायचे याचं कुठलंही सरकारी किंवा ठरलेलं मोजमाप नाही. एका पेपरातले तीन स्टार आणि दुसऱ्या पेपरातले तीन स्टार सारखे नसतात. एखादा समीक्षक हात आखडता ठेवणारा असतो, एखादा सढळ. म्हणून स्टार मोजण्यापेक्षा खालचा मजकूर वाचा. ‘पहिला भाग लांबलाय, पण गाणी आणि शेवट छान’ असं लिहिलं असेल, आणि तुम्हाला गाणी आवडत असतील, तर अडीच स्टार असूनही तो सिनेमा तुमच्या कामाचा आहे.

चाहता काय मोजतो?

चाहत्याचं माप वेगळं, आणि तेही खोटं नाही. परतूर, मंठा, घनसावंगी किंवा जाफराबादच्या खेड्यातून सिनेमाला जायचं म्हणजे नुसतं तिकीट काढणं नाही. एसटीचा प्रवास, एक दिवसाची मजुरी किंवा शेतातलं काम बुडणं, पोरांचा खाऊ, परतीच्या गाडीची चिंता. शो कितीला सुटतो आणि शेवटची एसटी कितीला आहे, हा हिशेब शहरातल्या समीक्षकाला करावा लागत नाही. एवढं करून माणूस जातो तेव्हा त्याला हसायचं असतं, रडायचं असतं, शिट्टी मारायची असते. ते मिळालं की त्याच्या लेखी सिनेमा पास.

शिवाय चाहत्याचं नातं एका सिनेमापुरतं नसतं. पंधरा वर्षं ज्याला बघितलं, त्याच्या यशात आपलं थोडं यश असतं. आपल्या भागातला माणूस मुंबईत जाऊन टिकला, ही भावना तिकिटाच्या पैशात मोजता येत नाही.

पण एक खबरदारी. ‘मला आवडला’ आणि ‘चांगला आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं तुमचं आहे, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही. दुसरं म्हटलं की मग कारण द्यावं लागतं.

एकाच वर्षी, एकाच माणसाचे दोन सिनेमे

ही गोष्ट समजायला २०१४ साल उत्तम. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘यलो’ नावाचा मराठी सिनेमा आला. निर्मात्यांमध्ये रितेश देशमुख. डाउन सिंड्रोम असलेल्या, पण पोहण्यात नाव काढलेल्या गौरी गाडगीळ या मुलीची ही खरी गोष्ट, आणि पडद्यावर ती भूमिका गौरीनं स्वतः केली. दिग्दर्शक महेश लिमये. समीक्षकांनी मनापासून कौतुक केलं. राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सिनेमाला ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळाला, गौरीच्या कामाचीही दखल घेतली गेली.

त्याच वर्षी ११ जुलैला, आषाढीच्या दिवसांत, ‘लय भारी’ आला. रितेश देशमुख यांची मराठी सिनेमातली ही पहिली मोठी भूमिका. डबल रोल, पंढरपूर, ‘माउली’, हाणामारी, टाळ्यांचे डायलॉग. दिग्दर्शक निशिकांत कामत. हे तेच, ज्यांच्या २००५ च्या ‘डोंबिवली फास्ट’ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं होतं. ‘लय भारी’वर समीक्षक म्हणाले, हा तर हिंदी-दक्षिणेतला मसाला मराठीत आणलाय. पब्लिक म्हणाली, “मग काय झालं? आमच्या भाषेत आणलाय ना!” आणि टॉकीज भरल्या.

आता सांगा, यातला ‘चांगला’ कोणता? ‘यलो’ किती जणांनी पाहिला असं आज गावात विचारलं तर हात कमी वर होतील. ‘लय भारी’ बहुतेकांनी पाहिलेला असेल. पण ‘यलो’ पाहिलेला माणूस तो विसरत नाही. दोन्ही सिनेमांचं काम वेगळं होतं, आणि दोन्ही करणारा माणूस एकच होता. याचा अर्थ सिनेमा करणाऱ्यांनाही हा फरक पक्का माहीत असतो. भांडतो आपणच.

आणि मसाला टाकला की सिनेमा चालतोच, असंही नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ‘माउली’ आला. तोच हिरो, तसाच बाज. पण ‘लय भारी’सारखी हवा झाली नाही. म्हणजे चाहतेही डोळे झाकून बघत नाहीत. त्यांचीही परीक्षा असते, फक्त ते स्टार देत नाहीत. दुसऱ्या दिवशी मित्राला “जाऊ नको” एवढंच सांगतात.

समीक्षक खूश, पण टॉकीज रिकामी

गावातल्या पन्नाशीच्या माणसांना लक्ष्मीकांत बेर्डे यांचं वेड आठवत असेल. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, त्यानंतर चार वर्षं लक्ष्या म्हणजे हसणं, एवढंच समीकरण. अशात १९९२ चा ‘एक होता विदूषक’ आला. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गाणी ना. धों. महानोरांची. महानोर म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या पळसखेड्याचे शेतकरी कवी. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा स्टार होतो, राजकारणात ओढला जातो, आणि त्याच्या स्वतःच्या लेकीच्या चेहऱ्यावर मात्र हसू नाही, अशी ती गोष्ट.

जाणकारांनी या कामाला लक्ष्मीकांत यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम मानलं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याच सिनेमाला मिळाला. पण पब्लिक हसायला गेली होती. लक्ष्या रडवतोय म्हटल्यावर लोक बिचकले, आणि सिनेमा चालला नाही.

इथं चाहत्यांनी विचार करण्यासारखं आहे. आपल्या आवडत्या माणसानं एकदा वेगळं काही करून बघितलं आणि आपणच पाठ फिरवली, तर तो पुन्हा ते धाडस कशाला करेल? “नेहमी एकच टाइपचे रोल करतो” अशी तक्रार आपण नंतर करतो, पण त्याला त्या एका टाइपात अडकवणाऱ्यांत आपणही असतो. अशा वेळी समीक्षक कामाला येतो. “हा सिनेमा वेगळा आहे, थोडं थांबून बघा” असं सांगणारा तोच असतो.

दोन्ही पारडी एकदम जड झाल्याचंही उदाहरण आहे. २९ एप्रिल २०१६ चा ‘सैराट’. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा सिनेमा, पडद्यावर नवखी पोरं. समीक्षकांनी उचलून धरला, आणि लोकांनी तर ट्रॅक्टर-टेम्पो भरून जाऊन पाहिला. पण असं दहा-वीस वर्षांत एखाद्या वेळी होतं.

कोटींचा आकडा कसा वाचायचा?

ग्रुपवर दुसरं भांडण असतं आकड्यांचं. “आमच्याचा ७५ कोटी, तुमच्याचा ३० कोटी.” तो पैसा जातो कुठं, हे एका तिकिटावर समजून घ्या.

समजा तुम्ही १७७ रुपयांचं तिकीट काढलं. त्यात मूळ किंमत १५० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७ रुपये. (२२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यापुढच्या तिकिटावर १८ टक्के कर आहे.) आता :

– १७७ रुपये हा झाला ‘ग्रॉस’, म्हणजे गल्ल्यात आलेला सगळा पैसा.
– १५० रुपये हा झाला ‘नेट’, म्हणजे कर वजा जाता उरलेला.
– मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा वाटा वितरकाकडं जातो, म्हणजे ७५ रुपये. याला ‘शेअर’ म्हणतात. उरलेला निम्मा थिएटरवाल्याचा.
– दुसऱ्या आठवड्यात वितरकाचा वाटा साडेबेचाळीस टक्क्यांवर येतो, म्हणजे जवळपास ६४ रुपये. तिसऱ्या आठवड्यात साडेसदतीस टक्के, म्हणजे ५६ रुपये. पुढं आणखी कमी.

एकपडदा टॉकीजचा व्यवहार वेगळा असतो; तिथं बोलणी होतील तसं ठरतं.

म्हणजे ‘७५ कोटी कमावले’ हे ऐकलं की ते निर्मात्याच्या खिशात गेले असं समजू नका. कर आणि थिएटरचा वाटा गेल्यावर निम्म्यापेक्षाही कमी हातात येतं, आणि त्यातून सिनेमा बनवण्याचा नि जाहिरातीचा खर्च निघायचा असतो. वीस कोटींत बनलेला सिनेमा तीस कोटींचा गल्ला करूनही तोट्यात असू शकतो, आणि दोन कोटींत बनलेला सिनेमा आठ कोटींच्या गल्ल्यात फायद्यात असू शकतो.

आणखी एक. आपल्या देशात सिनेमाच्या कमाईचे आकडे जाहीर करणारं कुठलंही सरकारी खातं नाही. आकडे येतात ते निर्मात्याकडून किंवा या धंद्यातल्या जाणकारांकडून. कुणी ग्रॉस सांगतो, कुणी नेट. त्यामुळं दोन सिनेमांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत का, हे आधी बघा. एकानं क्विंटलमध्ये सांगितलं आणि दुसऱ्यानं पोत्यांमध्ये, तर कापूस कुणाचा जास्त हे कसं कळणार?

आणि मुख्य गोष्ट : जास्त पैसे मिळवले म्हणजे सिनेमा चांगला, हेही खरं नाही, आणि चांगला म्हणजे पैसे मिळवणारच, हेही नाही. समीक्षकाचे स्टार, गल्ल्याचा आकडा आणि तुमची आवड हे तीन वेगवेगळे तराजू आहेत. एका तराजूचं वजन दुसऱ्यात टाकू नका.

समीक्षा खरी कामाची कुणाला? आपल्याच पोरांना

मोठ्या स्टारच्या सिनेमाला समीक्षकानं एक स्टार दिला तरी पहिले तीन दिवस गर्दी होतेच. पण ज्याच्याकडं जाहिरातीला पैसे नाहीत, अशा छोट्या सिनेमाचं काय? त्याच्यासाठी पेपरातलं चांगलं परीक्षण हीच जाहिरात, आणि बघून आलेल्या माणसाचा शब्द हेच पोस्टर.

हे आपल्या जिल्ह्याला जवळून माहीत असायला हवं. घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक नंदू माधव, संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं. त्यात काम करणारे बरेच जण जालना जिल्ह्यातले, शेतीशी नातं असलेले. नाव मोठं नव्हतं, चेहरे टीव्हीवरचे नव्हते. पण जाणकारांनी लिहिलं, बघणाऱ्यांनी सांगितलं, आणि नाटक महाराष्ट्रभर फिरलं. त्याच नाटकातून पुढं आलेले आपल्या जिल्ह्याचे कैलास वाघमारे २०२० च्या ‘तान्हाजी’मध्ये अजय देवगणच्या सिनेमात दिसले, आणि २०२४ च्या ‘गाभ’ या मराठी सिनेमात तर मुख्य भूमिकेत.

असा सिनेमा लागतो तेव्हा त्याला शो मिळतात थोडे, तेही अवेळी. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी शो कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरतो. आपल्या कानावर नाव येईपर्यंत तो गेलेला असतो. म्हणून “समीक्षक बेकार असतात, वाचायचंच नाही” असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : मोठ्या हिरोला समीक्षकाची गरज नसेल, पण उद्या आपल्याच गावातलं पोरगं छोट्या सिनेमात झळकलं, तर त्याला ती गरज पहिल्या दिवसापासून लागेल.

रीलवरचा रिव्ह्यू खरा की जाहिरात?

आता पेपरपेक्षा यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर रिव्ह्यू जास्त बघितले जातात. त्यात प्रामाणिक माणसं आहेत, आणि पैसे घेऊन बोलणारीही असू शकतात. पैसे किंवा फुकट वस्तू, प्रवास असं काही घेऊन एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगावं, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय. तरी बघताना आपणही चार गोष्टी तपासाव्यात :

– हा माणूस कधी कुठल्या सिनेमाला वाईट म्हणतो का? सगळेच ‘ब्लॉकबस्टर’ असतील तर सावध राहा.
– सिनेमातला एखादा नेमका प्रसंग सांगतो का, की नुसतं ‘जबरदस्त, काटा आला’?
– सिनेमा लागायच्या आधीच रिव्ह्यू आला का? पत्रकारांसाठी आधी खास शो असतो, तो दाखला देतो का?
– दहा खात्यांवर एकच वाक्य जसंच्या तसं फिरतंय का? मग ते कुणीतरी लिहून दिलेलं आहे.

उलट बाजूही तशीच. एखाद्या हिरोचे विरोधक सिनेमा न बघताच तिकिटाच्या अ‍ॅपवर एक-एक स्टार देत सुटतात. न बघता दिलेलं मत, चांगलं असो की वाईट, ते मत नव्हे.

‘लिंक पाठव ना भाऊ’ : हे महागात पडेल

सिनेमा लागला की दोन दिवसांत ग्रुपवर कुणीतरी म्हणतं, “टेलिग्रामवर आलाय, लिंक टाकू का?” ‘सैराट’ टॉकीजला धो-धो चालू असतानाच त्याच्या चोरट्या कॉप्या मोबाइलवर फिरत होत्या. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. आता परवानगीशिवाय थिएटरात सिनेमा रेकॉर्ड करणं किंवा अशी चोरटी कॉपी दाखवणं-पसरवणं याला किमान तीन महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद, आणि किमान तीन लाख रुपयांपासून ते सिनेमाच्या खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. गंमत म्हणून पडद्यावरचा सीन मोबाइलमध्ये घेऊन स्टेटसला ठेवणाऱ्या पोरांनीही हे ध्यानात घ्यावं. हिरोच्या एन्ट्रीचा व्हिडिओ टाकणं म्हणजे प्रेम दाखवणं नव्हे.

खिशाचं गणित जमत नसेल तर थांबा. बरेच सिनेमे काही महिन्यांत अधिकृतपणे मोबाइलवर येतात. ‘वेड’ही एप्रिल २०२३ च्या अखेरीस ओटीटीवर आला होता. शिवाय अशा अनोळखी लिंकमधून मोबाइलमध्ये काय घुसेल आणि बँकेच्या खात्याला कुठून गळती लागेल, याचा नेम नाही.

मग ग्रुपवर मत कसं टाकावं?

सिनेमा बघून आलात तर नुसतं ‘एक नंबर’ किंवा ‘बकवास’ लिहू नका. चार ओळी लिहा :

– काय आवडलं : एक प्रसंग, एक गाणं, एखाद्याचं काम. पण शेवट फोडू नका.
– काय खटकलं : तुमचा लाडका हिरो असला तरी. एवढं सांगितलं की पहिल्या ओळीवर लोकांचा विश्वास बसतो.
– कुणासाठी : म्हाताऱ्या माणसांना चालेल का, लेकरांना नेता येईल का. आता प्रमाणपत्रावर यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असं लिहिलेलं असतं, तेही सांगा.
– व्यवहार : कुठल्या टॉकीजला, कितीचा शो, तिकीट किती, परतीची गाडी मिळते का.

ही चौथी ओळ कुठल्याच पेपरातला समीक्षक लिहिणार नाही. ती भोकरदनच्या माणसासाठी भोकरदनचाच माणूस लिहू शकतो. चार जणांच्या घराला तिकिटाचे सातशे रुपये, त्यात प्रवास आणि खाऊ, म्हणजे हजार रुपये होतात. तेवढ्या पैशाचा निर्णय कुणीतरी तुमच्या शब्दावर घेणार असतो. तेव्हा शब्द जपून वापरा.

‘वेड’ला दुसऱ्या आठवड्यात जी गर्दी वाढली, ती ना समीक्षकांमुळं वाढली, ना पोस्टरमुळं. पहिल्या आठवड्यात बघून आलेल्या माणसांनी घरी, कट्ट्यावर, ग्रुपवर सांगितलं, म्हणून वाढली. ‘एक होता विदूषक’ला असं सांगणारे कमी पडले. एवढी ताकद आपल्या मतात असेल, तर ते मत देताना शिवी कशाला लागते? कारण पुरेसं आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

– स्टार वाचू नका, त्याखालचा मजकूर वाचा.
– समीक्षा, कमाई आणि आपली आवड हे तीन वेगळे तराजू.
– ‘ग्रॉस’, ‘नेट’ आणि ‘शेअर’ यात फरक आहे; गल्ला म्हणजे नफा नाही.
– छोटा सिनेमा बघायचा तर पहिल्या तीन दिवसांत बघा. नंतर तो मिळेलच असं नाही.
– चोरट्या लिंक मागू नका, पाठवू नका.
– नावडलं तर तेही सांगा, पण कारणासकट.